बसवत नाही, ते गोळीमुळे तर नाही ना?



मनाच्या आजारावर गोळ्या सुरू झाल्या की घरच्यांना हायसं वाटतं. झोप लागते, भास कमी होतात. पण कधी कधी आठ-पंधरा दिवसांत वेगळंच काही सुरू होतं. घरातली सून दोन घास खाऊन ताटावरून उठते. बसली तरी पाय हलवत राहते. रात्री अंगणात येरझारा घालते. घरचे म्हणतात, आजार उलटला. शेजारचे म्हणतात, बाहेरची बाधा आहे. आज आम्ही तिसरं कारण सांगणार आहोत. ही तगमग औषधामुळेही असू शकते.

डॉक्टर तिला 'अकॅथिसिया' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'बसता न येणं' असा आहे. भास आणि संशय आवरणारी औषधं मेंदूतल्या डोपामीन नावाच्या रसायनाचं काम रोखतात. हेच रसायन शरीराच्या हालचालींनाही लागतं, म्हणून काहींना हा त्रास होतो. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्रॅझोल अशा औषधांनी तो होऊ शकतो. उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रामाइडनेही होतो. म्हणजे हा त्रास 'वेडाचा' नव्हे.

मग ओळखायचं कसं? तीन गोष्टी बघा.

पहिली, तारीख. त्रास नवी गोळी किंवा इंजेक्शन सुरू झाल्यावर, किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत-आठवड्यांत आला का?

दुसरी, पाय. तिला दोन मिनिटं बसायला सांगा, मग दोन मिनिटं उभं राहायला सांगा. ती पाय हलवते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकते, जागच्या जागी पावलं टाकते का?

तिसरी, तिचं म्हणणं. शांतपणे विचारा, "बाई, तुला बसावंसं वाटतं, पण बसवत नाही, असं होतंय का?" ती "हो, आतून कोणी ढकलतंय, चाललं की जरा बरं वाटतं" असं म्हणाली, तर औषधाचा संशय घ्या.

नक्की काय ते डॉक्टरच ठरवतील. पण त्यांना हे सांगायला हवं. नुसतं "ती फार अस्वस्थ आहे" एवढंच सांगितलं, तर आजार वाढला असं वाटून डोस वाढू शकतो, आणि तगमग आणखी वाढते. म्हणून वहीत लिहून न्या : औषधाचं नाव, कधी सुरू केलं, डोस कधी बदलला, त्रास कधीपासून. गोळ्यांचं पाकीटही सोबत न्या. इंजेक्शन महिन्याचं असेल तर पुढचं घेण्याआधीच सांगा, कारण ते अंगात बरेच दिवस राहतं.

यावर उपाय आहेत. डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात, किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडतात. दमा असेल तर आधी सांगा, दम्याच्या माणसाला ही गोळी चालत नाही.

काय करू नये, तेही ऐका. आपल्या मनाने गोळी एकदम बंद करू नका, मूळ आजार उसळू शकतो. जास्तीची गोळी देऊ नका. तिला बांधून किंवा दाबून बसवू नका. तिला चालू द्या, कोणीतरी सोबत चाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ही तगमग इतकी असह्य होते, की काहींच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. ती "नको हे जगणं" म्हणाली, तर एकटं सोडू नका. घरातलं कीटकनाशक दूर ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भान हरपलेलं असेल, तर क्षणभरही थांबू नका.

सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र चालते. मराठीत बोलता येतं. जवळच्या जिल्हा रुग्णालयातही विचारा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. ज्या घरात अशा गोळ्या चालू आहेत, त्या घरी एक चक्कर मारा आणि एवढंच विचारा, "बसवतं का गं नीट?" औषध सोडून देण्याऐवजी ते नीट बसवून घेता येतं, हे तिला आपल्याकडून कळू द्या.