वाडीला दक्षिणद्वार झालं, की...

कबनूरहून आम्ही पाणी बघायला इचलकरंजीच्या नदीवर जातो. गावात पावसाचा टिपूस नसतो, माग नेहमीसारखे खटखटत असतात, आणि पंचगंगा मात्र चढत असते. लाट नाही, खळखळाट नाही. पोरं काठावर काठी रोवतात आणि तासाभरानं परत येतात, तर काठी चार बोटं पाण्यात. नदीला मिळणाऱ्या ओढ्यात तर काडीकचरा उलटा, गावाच्या दिशेनं सरकत असतो. याला आपल्याकडं फुगवटा म्हणतात.

पंचगंगा दोन स्वभावांची नदी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून ती प्रयाग चिखलीला होते. तिचं पाणी सह्याद्रीचं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळला पाचशेच्या आसपास. डोंगरातून हे पाणी धावत येतं, पण कोल्हापूर सोडलं की उतारच संपतो. रस्त्यानं कोल्हापूर ते नृसिंहवाडी पंचेचाळीसेक किलोमीटर. चिखलीपासून नदीला मात्र जवळपास 80 लागतात. सपाट काळ्या रानातून, उसाच्या मळीतून ती वळणं घेत, रेंगाळत जाते.

आणि नृसिंहवाडीच्या संगमावर पोचते तेव्हा कृष्णा आधीच कोयना-वारणेचं पाणी घेऊन तुडुंब असते. मग पंचगंगेनं जायचं कुठं? ती मागं फुगते. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की भाविक स्नानाला धावतात. हा दक्षिणद्वार सोहळा एखाद्या वर्षी अनेकदा होतो. माझ्या लेखी ती संगमावरची सगळ्यात जुनी पूरपट्टी आहे: दक्षिणद्वार झालं म्हणजे खालची वाट भरत आली.

उत्तर जर्मनीत ओस्टे, एस्टे अशा छोट्या नद्या अशाच सपाट मुलखातून एल्बेला मिळतात. तिथं समुद्राची भरती एल्बेला मागं ढकलते आणि एल्बे या लेकींना. फेब्रुवारी 1962 च्या वादळी भरतीनं हाहाकार उडवला, त्यानंतर त्यांच्या मुखांवर दारं बसली. ओस्टेचं 1968 मध्ये. भरती काही तासांची, तेवढा वेळ दार लावायचं. आपल्याला ते जमणार नाही. कृष्णेचा पूर दिवसच्या दिवस टिकतो, आणि दार लावलं तरी डोंगरातून येणारं आपलंच पाणी आपल्याला बुडवील. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. पाऊस उघडला तरी पाणी का उतरत नाही, असं तेव्हा जो तो विचारत होता.

पुराचा दोष कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला द्यायचा का, यावर भांडणं होतात, ती व्हावीतही. पण सखल मळीत आणि ओढ्यांत भराव टाकून आपण नदीची पसरायची जागाच काढून घेतो, याचा जाब आधी आपणच द्यायला हवा. उतार वाढवता येत नाही. जागा तेवढी राखता येते.

हाच मंदपणा उन्हाळ्यात दुसरं रूप घेतो. बंधाऱ्यांना बरगे घातले, की पाणी जागचं हलत नाही. गावांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी त्यातच मुरतं, वर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. वळवाच्या पहिल्या पावसात ही घाण ढवळून खाली सरकते आणि तेरवाड बंधाऱ्याशी मासे पोट वर करून तरंगतात. पोरांनी काठी रोवली होती, तिथं त्या दिवसांत वासानं उभं राहवत नाही.