वीस मिनिटांचे अंतर, तासाभराचे विमान

सिल्लोडकराला मुंबईचे विमान पकडायचे तर आधी पासष्टेक किलोमीटर दक्षिणेला, संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर यावे लागते. तिथून मुंबई सरळ रेषेत साधारण 280 किलोमीटर. एअरबस 320 सारखे विमान वर गेले की ताशी 830 च्या आसपास पळते, म्हणजे मुंबई वीस मिनिटांत यायला हवी. तिकिटावर मात्र तासाहून थोडा जास्तच वेळ असतो. आणि गंमत बघा, दिल्ली 980 किलोमीटर, साडेतीन पट लांब. वेळ मात्र दोन तासांच्या आतबाहेर.

तिकिटावरची वेळ नुसत्या उडण्याची नसतेच. विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि पलीकडे जागेवर उभे राहिले की थांबते. मध्ये जमिनीवरचे सरपटणे, रांग, चढाई. 10,000 फुटांखाली साधारणपणे 250 नॉट, म्हणजे ताशी 463 किलोमीटरची मर्यादा. पूर्ण उंची गाठायला वीसेक मिनिटे लागतात आणि तेवढ्या उंचीवरून खाली यायचे तर पावणेदोनशे किलोमीटर आधीच उतरण धरावी लागते. 280 किलोमीटरच्या वाटेवर मग पळायला सपाटी उरते कुठे? पट्ट्याचा दिवा विझतो, पाण्याचा पेला हातात येतो, तोच खुर्चीची पाठ सरळ करायची सूचना. दिल्लीच्या वाटेवर जे 700 किलोमीटर जास्त आहेत, ते जवळजवळ सगळे भर वेगात कापले जातात. त्यांना पन्नासच मिनिटे पुरतात.

त्यात मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दी झाली की वर घिरट्या. कंपन्या हा वेळ आधीच धरून वेळापत्रक छापतात. म्हणून उशिरा सुटलेले विमानही कधीकधी वेळेवर पोचते.

परतीला वाऱ्याचाही हिशेब असतो. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आणि विमान उतरते ते वाऱ्याला तोंड देऊन. पश्चिमेचा वारा जोरात असेल, तर मुंबईहून आलेले विमान विमानतळ मागे टाकून जालन्याच्या बाजूला जाते आणि वळून येते. घर खाली दिसत असताना पाच-सात मिनिटे जास्तीची!

आता सिल्लोडचा जमाखर्च. अजिंठ्याच्या रस्त्याने विमानतळ गाठायला दीड-दोन तास, काउंटर बंद होण्याआधी पोचायचे म्हणून आणखी दीड, विमानाचा एक, मुंबईत सामान आणि वाहतूक मिळून दीड. साडेपाच-सहा तास झाले. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून स्वतःची गाडी असलेला माणूस सात तासांच्या आत मुंबईत असतो, तेही मिरचीचे पोते डिकीत टाकून. माझे मत विचाराल तर मुंबईसाठी विमानाचा हट्ट नको.

दिल्लीचे तसे नाही. सचखंड एक्सप्रेसला संभाजीनगरहून तिथे पोचायला जवळपास पुरा दिवस लागतो. विमानाने सिल्लोडच्या घरापासून दिल्लीतल्या मुक्कामापर्यंत सहा-सात तास.