बाण पुढूनच का फुटतो? क्रॉसबो, मेकॅनिकल ब्रॉडहेड आणि पहिले दोन इंच

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. अमेरिकेत, ओहायोमध्ये राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्याने ती पाठवली. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो यंदा हरणांच्या सीझनची तयारी करतोय आणि त्यासाठी त्याने क्रॉसबो घेतलाय. त्याचा प्रश्न असा: "साधं टोक लावून कितीतरी बाण मारले, काही झालं नाही. मेकॅनिकल ब्रॉडहेड लावून सहा मारले, तर दोन बाणांची पुढची कड चिरली. ब्रॉडहेडच खराब आहे का?"

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात वन्यप्राण्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिकडे ती परवाना आणि सीझनच्या नियमांत चालते, आणि ते नियमही प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. पण कार्बनचा बाण का फुटतो आणि फुटलेला कसा ओळखायचा, हे इकडे टार्गेटवर कार्बनचे बाण मारणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

तर मेकॅनिकल ब्रॉडहेड म्हणजे काय? बाणाचं असं टोक, ज्याची पाती उडताना मिटलेली असतात आणि आपटल्यावर छत्रीसारखी उघडतात. मिटलेल्या पात्यांमुळे बाण सरळ जातो, आणि उघडल्यावर जखम रुंद होते, म्हणजे जनावर लवकर मरतं. हे टोक थेट शाफ्टवर बसत नाही. कार्बनच्या पोकळ नळीत आधी धातूचा एक तुकडा चिकटवलेला असतो, त्याला इन्सर्ट म्हणतात. टोक त्यात फिरवून बसवायचं.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. क्रॉसबोचा बाण साधारण ४०० ग्रेनचा, म्हणजे २६ ग्रॅमचा. वेग सेकंदाला ४०० फूट धरला, तर ऊर्जा होते सुमारे १९० ज्यूल. त्याच वजनाचा बाण कंपाउंड धनुष्यातून २८० फुटांच्या वेगाने सुटला, तर साधारण ९५. म्हणजे दुप्पट! ही सगळी ऊर्जा बाण थांबताना कुठेतरी जाणार. फोममध्ये तो ३० सेंटिमीटर घुसून थांबला, तर सरासरी जोर येतो ६५ किलो वजनाइतका. टार्गेटमागच्या फळीवर आपटून ३ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर ६५० किलो. बाण तोच, वेग तोच, फरक फक्त थांबण्याच्या अंतराचा.

हा जोर टोकातून इन्सर्टमध्ये जातो आणि इन्सर्टमधून नळीच्या कडेवर. बहुतेक कार्बन शाफ्टमध्ये बरेचसे धागे लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे सरळ दाब तो छान सोसतो, पण आतून बाहेर फाकवणारा जोर आला की उभा चिरतो. बांबू चिरतो ना, अगदी तसा.

मग साध्या टोकाने का चिरला नाही? कारण ते गोल आणि गुळगुळीत, सरळ आत जातं. मेकॅनिकलमध्ये तीन गोष्टी वाढतात. एक, बाण जरा तिरका लागला की एका बाजूचं पातं आधी अडकतं, टोक वाकायला बघतं आणि इन्सर्ट नळीच्या आत पहारीसारखा वागतो. दोन, पाती झटक्यात मागे येतात. क्रॉसबोचा शाफ्ट बहुधा जाड असतो आणि टोकाचं बूड त्याहून बारीक असेल, तर पात्याचा मागचा भाग थेट कार्बनच्या उघड्या कडेवर आदळू शकतो. तीन, पाती वेळेआधी उघडणं. सुमारे ३५ सेंटिमीटरमध्ये शून्यापासून ४०० फुटांच्या वेगाला जायचं म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींहून जास्त झटका. त्यात पाती मागे ओढली जातात. ती धरून ठेवणारी कॉलर किंवा रबर रिंग कमजोर असेल, तर पाती हवेतच उघडतात आणि बाण तिरका जाऊन आपटतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. दोन्ही मॉड्यूल आपापल्या जागी बरोबर, बग मात्र त्यांच्या जोडावर. इथेही तसंच. सांभाळायचे आहेत ते पहिले दोन इंच.

मग करायचं काय?

पहिलं, क्रॉसबोसाठी बनवलेलंच मेकॅनिकल टोक घ्या. त्याची कॉलर जास्त घट्ट असते. टोकाचं बूड आणि शाफ्टची जाडी जुळते का, हे हाताने पाती उघडून बघा. जाड हातमोजे घालून! उघडं पातं कार्बनला टेकत असेल, तर ते टोक त्या बाणासाठी नाही. आणि कॉलर एकदाच वापरायची असेल, तर दर शॉटनंतर नवी लावा.

दुसरं, शाफ्टची कड काटकोनात सपाट हवी. कड तिरकी असेल तर सगळा जोर एकाच ठिपक्यावर येतो. घासताना मास्क लावा, कार्बनची धूळ फुफ्फुसाला वाईट. इन्सर्ट इपॉक्सीने चिकटवा. गरम गोंदासाठी शाफ्टला ज्योत लावू नका, त्यातलं रेझिन कमजोर होतं.

तिसरं, बाहेरून स्लीव्ह लावा. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं का असतं? लाकूड फाकू नये म्हणून. शाफ्टच्या पुढच्या दोन-चार सेंटिमीटरवर बसणारी अॅल्युमिनियमची नळी तेच काम करते. मात्र स्लीव्ह रेलवर टेकून बाण उचलला जाता कामा नये. आणि पुढचं वजन वाढतं, म्हणून सगळ्या बाणांना सारखीच लावा आणि नेम पुन्हा जुळवा.

चौथं, सराव वेगळ्या टोकाने करा. बऱ्याच ब्रॉडहेडबरोबर त्याच वजनाचं, पाती न उघडणारं सरावाचं टोक मिळतं. टार्गेट क्रॉसबोच्या वेगासाठीचंच असू द्या. एका ठिपक्यावर एकच बाण मारा, नाहीतर दुसरा बाण पहिल्याला फोडेल. काढताना शाफ्ट सरळ मागे ओढा, डावी-उजवीकडे हलवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या श्रोत्याने विचारलंय, "थोडीशीच चीर आहे, सुपरग्लू लावून चालेल का?" नाही. अजिबात नाही. चिरलेला कार्बन पुढच्या शॉटला सुटतानाच फुटू शकतो, आणि त्याचे सुईसारखे तुकडे हातात घुसतात. नाही फुटला तरी वाकडा जातो. मग हरीण मरत नाही, नुसतं जखमी होऊन पळतं. आणि जनावरात बाण मोडला, तर त्या भोवतीचं मांस खायचं नाही, कापून फेकायचं. कार्बनचे बारीक धागे डोळ्यांना दिसतीलच असं नाही.

म्हणून प्रत्येक शॉटआधी एक मिनिट द्या. टोक काढा. दोन्ही टोकं धरून, चेहऱ्यापासून लांब, शाफ्टला हलका बाक द्या आणि ऐका. पाव वळसा फिरवा, पुन्हा तेच, पूर्ण गोल होईपर्यंत. मग दोन्ही टोकं उलट दिशांना हलकेच पिळा. कापसाचा बोळा लांबीभर फिरवा, तंतू अडकला तिथे चीर आहे. स्लीव्हखालची चीर दिसत नाही, म्हणून इन्सर्ट हलतोय का तेही बघा. "कट्" असा आवाज आला किंवा नुसती शंका आली, तरी तो बाण मोडून टाका. मोडूनच, म्हणजे चुकून दुसरं कुणी उचलणार नाही.

तर मित्रा, ब्रॉडहेड खराब असेलच असं नाही. पण ते दोन बाण आता संपले. उरलेल्या चारांची तपासणी आजच कर आणि काय निघालं ते व्हॉइस नोटवर कळव. बाकी मंडळी, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!