रहस्य आधीच ठाऊक असेल तर?

लोणंद : महाविद्यालयीन दिवसांत लोणंदहून पुण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरच्या खिडकीशी बसून मी सुहास शिरवळकरांची 'समांतर' वाचली. नीरा मागे पडली, जेजुरी आली आणि गेली. डोके पुस्तकातून वर निघाले नाही. पुढे २०२० मध्ये सतीश राजवाडे यांच्या दिग्दर्शनाखाली या कादंबरीवर वेब मालिका आली. घरची मंडळी श्वास रोखून पडद्याकडे पाहत होती आणि मी त्यांचे चेहरे पाहत होतो. पुढचे मला ठाऊक होते. मग ज्याने पुस्तक वाचले आहे, त्याच्यासाठी पडद्यावर उरते काय?

या प्रश्नाचे एक उत्तर आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'त (१९५८) सापडते. बोआलो आणि नार्सेजाक या फ्रेंच लेखकद्वयाच्या १९५४ मधील कादंबरीवर तो बेतलेला आहे. लेखकांनी रहस्य अखेरपर्यंत राखून ठेवले होते; हिचकॉक यांनी ते चित्रपट संपायला बराच अवधी असतानाच प्रेक्षकाच्या हाती देऊन टाकले. नायकाला ठाऊक नाही, आपल्याला आहे, आणि त्याला ते कधी कळणार याची धास्ती लागून राहते. एका क्षणाच्या धक्क्याच्या बदल्यात त्यांनी दीर्घकाळ टिकणारा ताण मिळवला. कादंबरी वाचून आलेला प्रेक्षक तर या ताणातच चित्रपटगृहात शिरतो.

मराठीतील ठळक उदाहरण राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'चे (१९६४). जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरील या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे रौप्यपदक मिळाले. १९६६ मध्ये राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' केला. एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. पुढे पोलिसांनी पकडलेली एक स्त्री 'मीच ती' असा दावा करते आणि केवळ पत्नीलाच ठाऊक असाव्यात अशा खासगी गोष्टी भर न्यायालयात सांगू लागते. (पुढचे येथे सांगत नाही, ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांचा आनंद का हिरावावा?)

अशी कथा कागदावरून पडद्यावर येते तेव्हा मोठा फरक पडतो तो चेहऱ्याचा. कागदावर त्या स्त्रीला चेहरा नसतो. ती आणि मृत पत्नी हुबेहूब दिसतात, हे वाचक लेखकाच्या शब्दावर मान्य करतो आणि मनात शंका राखून ठेवतो. पडद्यावर मात्र मराठीत भावना, हिंदीत साधना साक्षात समोर उभी असते. बुद्धी नाही म्हणते, डोळे होय म्हणतात. कादंबरीला हे साधणे अवघड, आणि शेवट माहीत असलेल्या प्रेक्षकालाही त्यातून सुटका नाही. तो आता त्या स्त्रीच्या नजरेत, थांबण्यात, वकिलाच्या ढळत जाणाऱ्या धीरात खुणा शोधू लागतो.

'समांतर'ची अडचण याच्या उलट आहे. सुदर्शन चक्रपाणीच्या डायऱ्यांतून कुमार महाजनला स्वतःचे भविष्य कळू लागते. कादंबरीत कुमार पान उलटतो, तेव्हा वाचकाचाही अंगठा पानाच्या कोपऱ्यावर असतो. थांबायचे की पुढे वाचायचे, हा मोह दोघांनाही एकाच वेळी होतो. पडद्यावर ते पान स्वप्नील जोशी उलटतो आणि आपण नुसते साक्षीदार उरतो. मालिका चांगली होती, नितीश भारद्वाज यांचा चक्रपाणी तर लक्षात राहणारा. पण माझ्या अंगठ्याला काही काम उरले नाही, हे खरे.

आणखी एक गोष्ट मात्र खटकते. 'मेरा साया'तील बरेलीच्या झुमक्याचे गाणे आजही लग्नाच्या वरातीत वाजते, पण त्या गाण्यामागे एक मराठी कादंबरी आहे, हे किती जणांना ठाऊक असते? शिरवळकरांना निदान नवे वाचक मिळाले, जरी २००३ मध्ये निधन झाल्याने ही मालिका ते पाहू शकले नाहीत. आमच्या घरी मालिका संपली त्याच रात्री कपाटातली 'समांतर' कोणीतरी काढून नेली. अद्याप ती परत जागेवर आलेली नाही.