जंतांची तरफदारी

लहान मूल झोपेत दात खाऊ लागले, की ‘जंत झाले असतील’ असे घरातली वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात आणि वावडिंगाचा काढा उकळायला ठेवतात. (दात खाणे आणि जंत यांचा मेळ माझ्या दवाखान्यात तरी फारसा जुळलेला नाही, असो.) याच जंतांची तरफदारी करणारे शास्त्रज्ञही आहेत, असे सांगितले तर या मंडळींचा विश्वास बसणार नाही.

१९७६ साली टर्टन या ब्रिटिश संशोधकाचे एक पत्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आकडीकृमींचा संसर्ग त्याने स्वतःलाच करून घेतला होता आणि उन्हाळ्यात परागकणांनी होणाऱ्या शिंका त्यानंतर दोन वर्षे थांबल्या होत्या! यामागचा तर्क मोहक आहे. जंतांशी लढताना शरीर आयजीई नावाचे प्रतिद्रव्य भरपूर तयार करते. दम्याच्या अनेक रोग्यांत हेच प्रतिद्रव्य धुळीतल्या सूक्ष्म किड्यांवर उठते आणि श्वासनलिका आवळतात. जंताला मात्र आपल्या पोटात वर्षानुवर्षे मुक्काम करायचा असतो. म्हणून तो प्रतिकाराची धार बोथट करतो आणि त्या ओघात अ‍ॅलर्जीही निवते. आफ्रिकेतल्या गॅबॉनमधील शाळकरी मुलांच्या पाहणीतून २००० साली या तर्काला दुजोरा मिळाला.

पण सगळे जंत एका माळेचे मणी नाहीत. २००६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या. आकडीकृमी असणाऱ्यांत दमा कमी आढळला. गोल जंत असणाऱ्यांत उलट थोडा जास्तच. खरे तर दोघांच्याही अळ्या फुप्फुसांतून प्रवास करूनच आतड्यात पोचतात. मग नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ३२ दमेकऱ्यांवर प्रयोग केला. काहींच्या हातावर आकडीकृमीच्या दहा अळ्या सोडल्या, बाकीच्यांना नुसतेच हिस्टामिनचे द्रावण. सोळा आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक पडला, पण अळ्यांच्या बाजूने कौल द्यावा इतका नाही. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अर्धवट ऐकलेले शास्त्र मात्र दूरवर जाते. धाप लागणाऱ्या मुलाच्या आईने मला विचारले, ‘डॉक्टर, शाळेत जंताची गोळी देतात, ती याला नको ना?’ आपल्याकडे २०१५ पासून १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मी म्हटले, ‘बाई, गोळीही द्या आणि पंपही चालू ठेवा.’ आकडीकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. अनवाणी शेतात वावरणाऱ्या, आधीच फिकट पडलेल्या मुलींना पाहिले, की प्रयोगशाळेतल्या दहा अळ्यांचे कौतुक मला तरी वाटत नाही.

आणि एक जंत तर दम्याचे सोंगच घेतो. हत्तीरोगाच्या कृमींमुळे काहींना रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते. रक्तात इओसिनोफिल पेशी बेसुमार वाढतात. वाइनगार्टन यांनी १९४३ मध्ये या दुखण्याचे सविस्तर वर्णन केले होते. नुसत्या पंपाने ते हटत नाही; त्याला डायइथिलकार्बामाझिन लागते. हत्तीरोगाच्या भागातला रोगी रात्रीचा खोकला घेऊन आला, की मी आधी रक्त तपासायला सांगतो.