संगणकाला ओसरी कोण शिकवणार?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. परंतु या म्हणीचा पूर्वार्ध आता उलटा म्हणण्याची वेळ आली आहे. हल्ली घर आधी पाहावे आणि मग बांधावे! पायाची पहिली कुदळ पडण्यापूर्वीच ते संगणकाच्या पडद्यावर उभे राहते, त्याच्या खोल्यांतून हिंडता येते, न आवडलेली भिंत क्षणात पुसता येते. लग्नाच्या बाबतीत अशी सोय अद्याप झालेली नाही, ही गोष्ट निराळी.

मी मराठीचा प्राध्यापक. माझा वास्तुशास्त्राशी संबंध म्हणजे भाड्याची पावती आणि गळके छप्पर एवढाच. पण बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील आमच्या डोणगावात, आमच्याच गल्लीत, एक मिस्त्री राहतात. त्यांची मुलगी शहरात वास्तुरचनेचे शिक्षण घेते. सुटीत जुनी घरे मोजून त्यांचे नकाशे करण्याचे काम तिला मिळाले आणि शब्द अडले की ती माझ्याकडे येऊ लागली. “सर, ढाळज म्हणजे नक्की काय? खण म्हणजे किती फूट?” मी सांगे, की दरवाजातून आत शिरताच बाजूला बसण्याउठण्याची जी जागा असते ती ढाळज, आणि खण काही फुटांत बांधलेला नाही, दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण, लाकूड मिळेल तसा तो लहानमोठा होतो. त्या बदल्यात ती मला आपले यंत्र दाखवी.

ही विद्या फार जुनी नाही. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या तरुणाने ‘स्केचपॅड’ नावाची योजना सिद्ध केली; प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर रेघ काढता येऊ लागली. गंमत अशी, की त्याच साली आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत आयबीएमचा १६२० हा संगणक दाखल झाला. आणि त्या संस्थेच्या इमारतींचे रचनाकार होते कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे! मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या या मराठी वास्तुकाराने ते आवार रेखाटले ते कागदावर, हातानेच. पुढे १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ आले आणि टेबलावरच्या साध्या संगणकावर नकाशे होऊ लागले.

पूर्वीचा नकाशा म्हणजे टी-स्क्वेअर, शाईचे पेन आणि ट्रेसिंगचा कागद. एखादी रेघ चुकली की ब्लेडच्या पात्याने हलकेच खरवडायची. खोली दीड फूट वाढवायची म्हटली की सारा कागद नव्याने! संगणकावर दहा फुटांची भिंत दहा फुटांचीच काढतात. कागदावर किती लहान करायची ते छापताना ठरते. भिंतींचा एक थर, विजेचा दुसरा, नळांचा तिसरा, असे पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे थर असतात. अलीकडच्या पद्धतीत तर भिंत ही नुसती जोडरेघ नसते; तिची जाडी, उंची आणि विटा-सिमेंट सारे तिच्यासोबत नोंदलेले असते. नकाशात खिडकी सरकवली की समोरच्या दर्शनी चित्रातही ती आपोआप सरकते.

या साऱ्यात मुलीची बोटे सराईत झाली होती. मिस्त्रींनी स्वतःचे घर बांधायला काढले तेव्हा नकाशा अर्थातच लेकीचा. घर देखणे होते. परंतु मिस्त्रींनी पडद्याकडे पाहून पहिला प्रश्न केला, “अवं माय, पश्चिमेले एवढी मोठी खिडकी काहून ठेवली वं? उन्हाळ्यात तिथं बसून पाहजो मंग!” दुसरा प्रश्न, “ओसरी कुठी हाय?”

ओसरी नव्हती. का नव्हती, त्याचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटले. या यंत्रात तयार वस्तूंचा एक संग्रह असतो. त्यातली वस्तू उचलून शिक्क्यासारखी नकाशात ठेवायची. तिच्या संग्रहात सोफा होता, डबलबेड होता, आंघोळीचा टब होता, मोटार होती. तुळशीवृंदावन नव्हते, बाज नव्हती, रांजणाचा ओटा नव्हता, भिंतीतली देवळी नव्हती. जे शिक्के हाताशी, त्यांचेच घर झाले! भाषेतही असेच होते. शब्द गेला की वस्तू दिसेनाशी होते.

मात्र त्याच यंत्रात दुसरी सोय होती. गावाचे अक्षांश सांगितले की ते वर्षभराच्या सावल्या काढून दाखवते. डोणगाव सुमारे वीस अंश उत्तरेला. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य आपल्या माध्यान्ही थेट डोक्यावर असतो, मग थोडा उत्तरेकडे झुकतो आणि जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो दक्षिणेला निम्म्या आकाशातच असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा दिला, की उन्हाळ्याचे ऊन अडते आणि थंडीचे आत येते. पश्चिमेचे ऊन मात्र उतरते आणि तिरपे. त्याला छज्जा पुरत नाही. तिथे खिडकी लहान हवी, नाही तर पुढे ओसरीची सावली हवी. मिस्त्री न शिकता जे सांगत होते, तेच यंत्राने सावल्यांनी काढून दाखवले! दक्षिणेच्या छज्जाचे माप मात्र लेकीने हिशेबाने धरले आणि ते वडिलांनी मुकाट्याने मान्य केले. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात मे महिन्यात सूर्यकिरण मूर्तीपर्यंत पोचतात. ते बांधणाऱ्यांनीही सूर्याचा अभ्यास केलाच होता.

नकाशा बदलला. पश्चिमेला ओसरी आली. आणि मुलीने एक आणखी गोष्ट केली. तुळशीवृंदावन, बाज, देवळी, रांजणाचा ओटा, एकेक वस्तू मोजून तिने स्वतःचे शिक्के बनवले आणि प्रत्येकाला मराठी नाव दिले. आता तिच्या वर्गातील इतर मुले ते मागून नेतात.

संगणक शिकावा की नाही, हा वादच उरलेला नाही. २०२० सालापासून राज्याच्या बहुतेक भागांत बांधकामाची एकत्रित नियमावली लागू आहे आणि अनेक ठिकाणी नकाशेही संगणकावरूनच मंजुरीला जातात. प्रश्न एवढाच, की यंत्र शिकणारा मुलगा आधी घर शिकला आहे काय? आपल्या वास्तुविद्यालयांनी आणि तंत्रनिकेतनांनी गावोगावच्या मिस्त्रींना वर्गात बोलावून त्यांच्याकडून जिन्नसांची नावे आणि मापे लिहून घ्यावीत. आम्हा मराठीच्या शिक्षकांनाही त्यात काम आहे. शब्दकोश आपण फार वर्षे जपले. आता थोडे शिक्केही जपू या. दिवाळीत पणती ठेवायला देवळी हवी ना!