भूमच्या पोरांसाठी वीस वर्षांखालील जागतिक मैदान

धावणं, उडी, फेक या खेळांची वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा 1986मध्ये अथेन्सला सुरू झाली; ती दर दोन वर्षांनी भरते. त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला वय 16 ते 19 असावं लागतं. म्हणजे 2026साठी जन्मसाल 2007 ते 2010. या वयाच्या मुलांचा गोळा 6 किलोचा असतो, मोठ्यांचा 7.26. भाला मात्र तोच, 800 ग्रॅमचा. तोच 86.48 मीटर फेकून नीरज चोप्रानं 2016मध्ये सुवर्ण जिंकलं. 2018मध्ये 400 मीटरमध्ये हिमा दास शेवटच्या वळणावर मागे होती. सरळ पट्ट्यात तिनं सगळ्यांना गाठलं, वेळ 51.46 सेकंद.

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे मात्र सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर शर्यतींकडे वळला. तरीही 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं. पण कोवळ्या वयातली ही जागतिक संधी हुकलीच, आणि याची मला फार हळहळ वाटते. भूमच्या क्रीडाशिक्षकांनो, पळणारं पोर दिसलं की त्याचा जन्मदाखला आधी नीट करून घ्या आणि त्याला जिल्हा स्पर्धेत उतरवा.